‘घात’ शब्दाचा जुना अर्थ आणि समान घातांचा गुणाकार

अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्यास ‘घात’ हा शब्द प्रथम भेटतो तो अपघात, विश्वासघात यांत. (पेरणीयोग्य ओलीची ‘घात’ शेतकऱ्याच्या तोंडी स्त्रीलिंगी; ती निराळी.) संस्कृत गणितात मात्र ‘हन्’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा अर्थ निव्वळ गुणाकार असा होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) वर्ग म्हणजे दोन समान संख्यांचा घात, घन म्हणजे तीन समान संख्यांचा.

हा अर्थ ध्यानी धरला, तर ४ चा घन गुणिले २५ चा घन बरोबर १०० चा घन, हा नियम पाठ करावा लागत नाही. तीन चार आणि तीन पंचवीस यांचा हा गुणाकार. त्यात क्रम बदलता येतो, म्हणून प्रत्येक चाराशेजारी एक पंचवीस ठेवावा. शंभराच्या जोड्या तीन होतात, सहा नव्हेत; उत्तर १०,००,०००. येथे १०० चा सहावा घात लिहिणारा विद्यार्थी समान पायाचा बेरजेचा नियम भलत्याच ठिकाणी लावतो. घात विषम असल्यास जोड्या अपुऱ्या पडतात: ४ चा घन गुणिले २५ चा वर्ग म्हणजे १०० चा वर्ग गुणिले ४. बेरजेस ही मुभा नाहीच. ४ व २५ यांच्या वर्गांची बेरीज ६४१, बेरजेचा वर्ग ८४१.