दोष गिअरबॉक्सचा की क्लचच्या वायरचा?

काशिमीरा नाक्याच्या सिग्नलला संध्याकाळी मोटारसायकलींची रांग लागते, तेव्हा चालकांच्या डाव्या पायांकडे जरा लक्ष द्या. पहिला, दुसरा, परत पहिला. न्यूट्रलचा हिरवा दिवा काही लागत नाही. सिग्नल सुटतो, मागून हॉर्न सुरू होतात आणि घरी पोचेपर्यंत चालकाची खात्री पटलेली असते की गाडीचा गिअरबॉक्स गेला. माझीही एकदा अशीच खात्री पटली होती. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि निघालं काय, तर क्लचची वायर सैल झालेली. तेव्हापासून गिअर अडकतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी क्लच बघायला सांगतो.

बहुतेक गैरसमजांचं मूळ एका चुकीच्या चित्रात आहे. आपल्याला वाटतं, गिअर टाकला की एका चक्राचे दाते दुसऱ्या चक्रात जाऊन बसतात, म्हणून पाय जोरात मारावा लागतो. आजच्या मोटारसायकलीत तसं होत नाही. सगळ्या गिअरच्या जोड्या एकमेकींत कायम गुंतलेल्याच असतात. त्यातली एकच जोडी एका वेळी शाफ्टला पकडते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. ही पकड गिअरच्या बाजूला असलेल्या जाड खुंट्यांची असते. शेजारच्या चक्रातल्या खाचेत खुंटी शिरली की गिअर लागला. आपण पायाने फक्त आतला ड्रम थोडा फिरवतो आणि त्याचे फोर्क चक्रं सरकवतात. खुंटीवर इंजिनाचा ताण असेल तर ती खाचेतून सुटत नाही. तो ताण काढायचं काम क्लचचं, पायाच्या जोराचं नाही.

आता न्यूट्रलचं कोडं सुटतं. बऱ्याच गाड्यांत ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या टप्प्यावर असतं. क्लच पूर्ण दाबूनही त्याच्या प्लेटा नीट सुट्या होत नसतील, तर गाडी उभी असतानाही इंजिन गिअरला ओढत राहतं आणि खुंट्या घट्ट रुतून बसतात. म्हणून गाडी पूर्ण थांबायची वाट पाहू नका. सिग्नलकडे हळू सरकत असतानाच दुसऱ्यावरून हलका अर्धा दाब द्या, न्यूट्रल सहज लागतं. उभ्या गाडीत पहिला लागत नसेल तर गिअरच्या लिव्हरवर उभं राहू नका. खुंटी खुंटीसमोर आलेली असते. गाडी वीतभर पुढेमागे करा, किंवा न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. थंड गाडीत पहिला टाकताना होणारा ‘खट्’ आवाज मात्र बिघाड नव्हे. ऑईलमुळे फिरत राहिलेल्या चक्राची खुंटी स्थिर खाचेत बसते, तिचा तो आवाज.

क्लचचा प्ले, म्हणजे लिव्हरच्या टोकाची मोकळी हालचाल, बहुतेक गाड्यांना 10 ते 20 मिलीमीटर सांगितलेली असते. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, मुळीच नसेल तर पूर्ण धरत नाही. आपल्याकडे मीरा-भाईंदरला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यात चार महिने पाऊस. वायरच्या आत गंज धरतो, लिव्हरजवळचे बारीक धागे एकेक करून तुटतात आणि क्लच दिवसेंदिवस जड होतो. पावसाळ्याआधी वायरमध्ये तेल सोडणं आणि धागे तुटले असतील तर ती बदलणं, हा फार छोटा खर्च आहे.

‘गर्दीत क्लच अर्धा धरूनच चालवावी लागते,’ हे मीरा-भाईंदर रोडवर मेट्रो 9 च्या खांबांखालून रोज जाणारे सगळेच म्हणतात. गाडी सुटताना क्षणभर अर्धा क्लच लागतोच. पण दोन बोटं सतत लिव्हरवर दाबून ठेवली तर प्लेटा घसरत राहतात, तापतात आणि झिजतात. मग आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. पुढच्या गाडीला थोडं अंतर द्या, पहिल्यावर क्लच पूर्ण सोडून सरका, थांबायची वेळ आली तर न्यूट्रल करा.

कारचं ऑईल मोटारसायकललाही चालतं, हा समज जास्त महागात पडतो. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारसाठीच्या अनेक ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इथे तर क्लच घर्षणावरच चालतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं पाहा. एमबी लिहिलेलं ऑईल ऑटोमॅटिक स्कूटरसाठी, गिअरच्या गाडीत ते घालू नये.

क्लच न दाबता गिअर बदलणं म्हणजे कसब, असं काही तरुणांना वाटतं, आणि घरातले ज्येष्ठ ‘आम्ही बदलायचो की’ म्हणून दुजोरा देतात. ते खोटं बोलत नाहीत. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा आणि येझदी गाड्यांत गिअरची लिव्हर दाबली की क्लच आपोआप सुटत असे. सोय गाडीतच होती. आजच्या काही महागड्या गाड्यांतला क्विकशिफ्टर गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभर तोडतो. तुमच्या साध्या गाडीत यातलं काहीच नसतं, तिथे खुंट्यांच्या कडा झिजतात.

सर्वांत धोक्याचा समज घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात दिसतो: उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही प्रदूषणाची मानकं लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. अशी गाडी गिअरमध्ये असताना वेगात थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोलचा फवाराच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बचत उलट्या बाजूला आहे. शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि शेजारून कंटेनर उतरत असतात. उतारावर पटकन खालच्या गिअरवर येता येणं ही केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार लायसन्सच्या चाचणीतलीच एक अट आहे. खाली येताना एकेक गिअर, आणि क्लच सोडण्याआधी थ्रॉटलला हलका स्पर्श. ओल्या रस्त्यावर हे न केल्यास मागचं चाक घसरतं.

पावसाळ्यात एक साधी गोष्ट विसरली जाते. गमबुटाचं जाड टोक गिअर लिव्हरखाली नीट शिरत नाही, पाय अर्धाच उचलला जातो आणि गिअर दोन टप्प्यांच्या मध्ये अडकतो. थ्रॉटल दिला तर इंजिन नुसतं ओरडतं. बऱ्याच गाड्यांत लिव्हर थोडी वर घेता येते, मेकॅनिकला सांगा. पाय टप्पा पूर्ण होईपर्यंत लिव्हरवर ठेवा, मग काढा. चेन जास्त लोंबत असेल तर प्रत्येक गिअरला बसणारा झटका तिचा असतो, तीही तपासून घ्या.

गिअरबॉक्सचा खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. चढावर जोर दिला की एखादा ठरावीक गिअर आपोआप निसटतो, लिव्हर दाबल्यावर जागेवर परत येत नाही, किंवा जुन्या ऑईलमध्ये धातूचे कण चमकतात. अशा वेळी बहुतेक गाड्यांत इंजिन दोन भागांत खोलावं लागतं. मेकॅनिक तसं म्हणाला तर कारण विचारा, झिजलेली खुंटी डोळ्यांनी बघा आणि काम करून घ्या. पण त्याने क्लचचा प्ले, वायर, ऑईल आणि चेन न बघताच इंजिन खोलायचं म्हटलं, तर गाडी तशीच घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये जा.