एका ग्रॅममागे ३,३०० टँकर

निवांत बसलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अ‍ॅड्रेनलिन किती असतं? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम तीस-एक. म्हणजे ग्रॅमभर अ‍ॅड्रेनलिन तितकंच विरळ करायचं, तर सुमारे तीन कोटी तीस लाख लिटर रक्त लागेल. दहा हजार लिटरचे ३,३०० टँकर!

अ‍ॅड्रेनलिन साठवणाऱ्या क्रोमॅफिन पेशींची मोजदाद गाई-बैलांच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीत झाली आहे. एका पेशीत सुमारे २२,००० सूक्ष्म पिशव्या, प्रत्येक पिशवीत या कुळातल्या संप्रेरकांचे अंदाजे तीस लाख रेणू. गुणाकार जातो ६,६०० कोटींवर, तोही एकाच पेशीत.

पण या पेशी फक्त मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतच राहत नाहीत. पोटातल्या महाधमनीला चिकटून बसलेल्या त्यांच्या पुंजक्याचं वर्णन एमिल झुकरकांडल यांनी १९०१ साली केलं. नवजात बाळात ग्रंथीच्या गाभ्यापेक्षा हाच साठा मोठा असतो आणि पहिल्या काही वर्षांत तो विरत जातो. तिथे मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनलिन बनतं; त्याचं अ‍ॅड्रेनलिन व्हायला शेजारच्या कॉर्टिसॉलची भरपूर मात्रा लागते, ती ग्रंथीतच मिळते.

आदिलाबादच्या बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे, कापसाच्या काळ्या रानात उंदरांची बिळं असतात. तिथे जन्मणारं पिलू काही ग्रॅमचंच. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दाखवलं आहे, की जन्मानंतर आठवडाभर मेंदूकडून ग्रंथीकडे येणाऱ्या मज्जातंतूंचं काम नीट सुरूच झालेलं नसतं. तरीही प्राणवायू घटला की क्रोमॅफिन पेशी स्वतःच ते ओळखतात आणि संप्रेरक सोडतात. हुकूम द्यायला कोणी नसताना एवढासा जीव स्वतःला सावरतो, हे मला या सगळ्या आकड्यांहून मोठं वाटतं. मज्जातंतू कामाला लागले की पेशींची ही जाण ओसरते.

मानेतल्या नाडीपाशी मात्र याच कुळातल्या पेशींचा एक गट जन्मभर प्राणवायू मोजत राहतो. मांजरात तो असतो दोन-एक मिलिग्रॅमचा. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला चोपन्न मिलिलिटर रक्त पुरतं. त्याच हिशेबाने या ठिपक्याला मिळतं सुमारे दोन हजार मिलिलिटर.