पेनड्राइव्ह जोडल्याने मंद संगणक वेगवान होतो का?

मंद झालेल्या संगणकाला पेनड्राइव्ह जोडला की तो झपाट्याने चालू लागतो, हा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. म्हणूनच इतकी वर्षे टिकला आहे. मात्र ज्या परिस्थितीत तो खरा ठरत होता, ती परिस्थिती आता फार थोड्या संगणकांत उरली आहे.

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर या तहसिलीच्या गावी आमचे एक परिचित ऑनलाइन सेवा केंद्र चालवतात. मध्य प्रदेशात आधारभूत किमतीने गहू विकायचा तर शेतकऱ्याला आधी ई-उपार्जन संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्या दिवसांत केंद्रापुढे रांग लागते आणि दहा वर्षांचा जुना संगणक नेमका तेव्हाच अडून बसतो. नोंदणीची मुदत ठरलेली, रांगेतला माणूस दिवसाचे काम टाकून आलेला. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा की मेमरी वाढवावी, असे या परिचितांनी विचारले. गोव्यात सायबरएज योजनेने घरोघरी संगणक पोहोचवले, आणि जुने यंत्र शक्य तितके चालवण्याची सवय आपल्यालाही आहे. तेव्हा उत्तर थोडे विस्ताराने देणे योग्य होईल.

संगणकाची रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचा दफ्तरखाना. टेबल लहान असले की प्रत्येक कागदासाठी दफ्तरखान्यात खेप घालावी लागते. ही खेपच वेळ खाते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते. त्यात वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवावा लागतो. पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसल्याने माहितीचा लहानसा तुकडा तो सुमारे एका मिलिसेकंदात देऊ शकतो. मोठी, सलग फाइल वाचायची असेल तर मात्र जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हपेक्षा डिस्कच सरस ठरते.

या फरकाचा लाभ घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘रेडीबूस्ट’ ही सोय दिली. वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, विखुरलेले लहान तुकडे तेथून वाचायचे आणि सलग मोठ्या फाइली डिस्ककडूनच घ्यायच्या, अशी ही योजना. पेनड्राइव्हवर असते ती केवळ प्रत, तीही सांकेतिक रूपात. मूळ माहिती डिस्कवरच राहते. त्यामुळे पेनड्राइव्ह मध्येच उपसला तरी काम बुडत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की रॅम वाढलेली नसते. टेबल आहे तेवढेच राहते, शेजारी फक्त एक फळी ठोकलेली असते.

ही फळी किती उपयोगी, हे व्हिस्टाच्या काळातील एका चाचणीने स्पष्ट केले होते. ५१२ एमबी रॅमच्या संगणकावर ११.७ सेकंद घेणारे काम रेडीबूस्टमुळे २ सेकंदांत झाले. प्रगती डोळ्यांत भरणारी आहे. परंतु पेनड्राइव्ह न लावता रॅम १ जीबी केली, तेव्हा तेच काम ०.८ सेकंदात झाले. दुकानदार पहिला आकडा सांगतात, दुसरा सहसा सांगत नाहीत.

देपालपूरच्या संगणकात २ जीबी रॅम आणि फिरती डिस्क आहे. नोंदणी उद्यावर आली आहे आणि सुटा भाग आणायला इंदूर गाठावे लागणार, अशा वेळी रेडीबूस्ट जरूर लावून पाहावे. विंडोज ७ किंवा १० मध्ये पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेले की ती सोय दिसते. पेनड्राइव्ह वेगवान हवा. विंडोज तो तपासते आणि संथ असल्यास नाकारते. रॅमइतकी ते तिच्या अडीच पट जागा दिली की पुरे. बत्तीस जीबीसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही.

सवड मिळताच मात्र फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी आणि रॅम वाढवावी. रॅम घेण्यापूर्वी आधीची डीडीआर३ आहे की डीडीआर४, हे पाहून घ्यावे, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपुढची रॅम वाया जाते. एसएसडी बसवल्यावर विंडोज स्वतःच रेडीबूस्ट नाकारते, कारण फळीपेक्षा दफ्तरखानाच जवळ आलेला असतो.

विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. डिस्कला हात लावावा लागत नाही. सेवा केंद्रचालकांनी मात्र बोटांचे ठसे घेणारे आपले यंत्र तिच्यावर चालते का, हे आधी तपासावे.

एक गोष्ट या सर्वांच्या आधी पाहिली पाहिजे. कालपर्यंत बरा चालणारा संगणक अचानक मंदावला आणि डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली, तर तो रॅमचा प्रश्न नव्हे; डिस्क निकामी होत असण्याची शक्यता आहे. तेव्हा रेडीबूस्टच्या वाटेला न जाता त्याच पेनड्राइव्हवर महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे ताबडतोब उतरवून घ्यावीत, आणि संगणक बंद करून दुरुस्तीला न्यावा.