मॅकॅडमची खडी आणि सानगडीची पांदण

सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा) : पांदण रस्त्याच्या कामाची चौकशी करण्यासाठी बांधकाम शाखेत गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी ‘डब्ल्यूबीएम’ हा शब्द हमखास पडतो. कागदोपत्री त्याचे मराठी ‘खडीकरण’ असे होते. मूळ शब्द ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ असा असून त्यातील मॅकॅडम हे एका माणसाचे नाव आहे. जॉन लाउडन मॅकॅडम यांचा जन्म १७५६ मध्ये स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला. सानगडीच्या शिवारात मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून जो रस्ता तयार होतो, त्याचे मूळ असे एका स्कॉटिश माणसाच्या विचारात आहे.

हा योगायोग आज आठवण्याचे कारण वेगळेच आहे. ज्या स्कॉटलंडने जगाला खडीचा रस्ता बांधण्याची रीत दिली, त्याच देशात आता हजारो सायकलस्वार डांबरी रस्ता मुद्दाम टाळून खडीचे, मोटारमुक्त रस्ते शोधत असतात. या प्रकाराला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावी २००६ मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्याला प्रसिद्धी मिळवून दिली आणि २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. नागपूर, पुण्याच्या सायकल दुकानांतही वळलेल्या हँडलच्या, रुंद टायरच्या या सायकली दिसू लागल्या आहेत. महामार्गावर मालमोटारींच्या शेजारून सायकल चालवण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या ओढीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न असा की, असे रस्ते आपल्याकडे आहेत काय? आहेत, आणि भंडारा-गोंदिया पट्ट्यात विपुल आहेत. मात्र ते टिकतील काय, ते कोणाचे आणि त्यांवरून कोणी जावे, या प्रश्नांची उत्तरे तितकी सरळ नाहीत.

कोरडी जमीन हाच पाया

मॅकॅडम यांच्यापूर्वी रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचण्याची पद्धत होती. ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख १८१६ मध्ये हाती आल्यावर त्यांनी ती मोडीत काढली. त्यांचे म्हणणे असे की, भार दगड पेलत नाही, खालची जमीन पेलते. ती जमीन कोरडी राहिली तर कोणतेही वजन सहन करते, भिजली की खचते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावा, मध्यभागी किंचित फुगीर असावा, दोन्ही कडांना पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या असाव्यात आणि वर बारीक फोडलेली टोकदार खडी पसरावी. गोल गोटे घरंगळतात. टोकदार खडी मात्र चाकांच्या दाबाने एकमेकींत रुतून बसते. गाड्यांच्या लोखंडी धावांखाली खडीची जी भुकटी होई, तीच सांधे भरून काढी.

पुढे रबरी टायरच्या वेगवान मोटारी आल्या आणि हे गणित बिघडले. रबरी चाक ती भुकटी जागेवर बसू देत नाही, उडवून लावते. सांधे मोकळे झाले की खडी सुटते. यावर उपाय म्हणून खडीला डांबराचा लेप देण्याची युक्ती पुढे आली. १९०२ मध्ये एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्याने ‘टारमॅक’चे पेटंट घेतले. म्हणजे डांबर आले ते मुख्यतः मोटारींसाठी. सायकलच्या चाकाने खडीचा रस्ता फारसा बिघडत नाही.

आता हीच फूटपट्टी आपल्या पांदणीला लावून पाहावी. भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाचे वार्षिक मान सुमारे तेराशे मिलिमीटर. बांध्या पाण्याने भरलेल्या आणि त्यांच्या मधून जाणारी पांदण बहुतेक ठिकाणी बांधीपेक्षा खोल. कडेची नाली नांगरटीत कधीच गेलेली. परिणामी पावसाळ्यात रस्त्याचे पाणी शेतात जाण्याऐवजी शेतांचे पाणी रस्त्यात उतरते. त्यातच चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी चाकांसह याच वाटेने ये-जा करतात. रोवणी संपेपर्यंत पांदणीचा ओढा झालेला असतो. यावर दरवर्षी मुरूम ओतला जातो आणि दरवर्षी तो चिखलात गडप होतो. मॅकॅडम यांनी दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेली पहिली अट, म्हणजे निचरा, पाळल्यावाचून वरचे साहित्य बदलून उपयोग नाही, हे सांगायला तज्ज्ञ समिती कशाला हवी?

स्कॉटलंडने काय केले?

तेथील खडीचे रस्ते सायकलस्वारांसाठी बांधलेले नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पैकी पुष्कळसे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वन आयोगाने लाकूड वाहून नेण्यासाठी तयार केले. काही अठराव्या शतकातील लष्करी रस्ते आहेत. काही गुरांचे कळप बाजाराला नेण्याच्या वाटा आहेत. ग्लासगो शहराला १८५९ पासून पाणी पुरवणाऱ्या कॅट्रिन सरोवराच्या काठचा सुमारे एकवीस किलोमीटरचा रस्ता पाणीपुरवठा खात्याच्या वाहनांसाठी आहे. तो बव्हंशी डांबरी असला तरी सर्वसामान्यांच्या मोटारींना बंद आणि सायकलींना खुला आहे. जवळच्या ॲबरफॉइल गावाने तर आसपासच्या जंगलरस्त्यांच्या बळावर ‘ग्रॅव्हलफॉइल’ असे टोपणनाव घेऊन आपली ओळख निर्माण केली आहे.

नवे आहे ते रस्त्यांवरील हक्काचे स्वरूप. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. त्यानुसार बहुतेक सर्व जमिनीवर, मालकी कोणाचीही असो, पायी, घोड्यावर वा सायकलने जबाबदारीने जाण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला. मोटारींना तो नाही. ‘जबाबदारीने’ या शब्दाचा अर्थ स्वतंत्र संहितेत फोड करून दिलेला आहे : उभ्या पिकातून जाऊ नये, कडेने जावे, फाटक जसे होते तसेच ठेवावे, गुरांना बिचकवू नये, लाकूडतोड सुरू असेल तेथून दूर राहावे. घरालगतचे आवार या हक्कातून वगळले आहे. शिवाय प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने आपल्या भागातील मुख्य वाटांचा आराखडा तयार करावा, असे बंधन आले.

आपला कायदा इतका व्यापक नाही, पण तो मुका आहे असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ नुसार शेताला जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करू शकतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. विदर्भातील जुन्या मध्य प्रांताच्या भागात निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे आणखी दोन दस्तऐवज आहेत. पैकी वाजिब-उल-अर्जमध्ये वाटेच्या रूढ हक्कांची नोंद असते. गावकऱ्यांना या कागदांची आठवण सहसा भांडण झाल्यावरच होते.

गावनकाशाही बोलका असतो. त्यावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेचा तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गाडीमार्गाचा पायमार्ग झाला आहे आणि पायमार्ग धुऱ्यात विरून गेला आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीच्या निधीची सांगड घालून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे धोरणही जाहीर झाले. नोंद होणे हे महत्त्वाचे पाऊल आहे, कारण कागदावर नसलेली वाट पहिल्या वाटणीतच नाहीशी होते.

पाळ, पाट आणि रान

सानगडी हे साकोलीच्या दक्षिणेस, लाखांदूरच्या वाटेवरचे जुने गाव. येथे किल्ल्याचे अवशेष आहेत. पण या परिसराचे खरे वैभव म्हणजे तलाव. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले आणि मालगुजारी नाहीशी करणाऱ्या १९५० च्या कायद्याने सरकारजमा झालेले हे तलाव. माजी मालगुजारी तलाव, म्हणून सरकारी भाषेत ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. प्रत्येक तलावाला मातीची पाळ असते, पाळीवर वाट असते आणि पाळीखालून बांध्यांकडे पाट जातो. तलावातून तलावात, बोडीतून बोडीत पाणी उतरत जावे अशी रचना असल्याने वाटाही एकीतून दुसरीत मिळत जातात. आराखडा काढून कोणी सायकलमार्ग आखायला बसला असता तरी याहून चांगला क्वचितच आखला असता.

पण पाळ म्हणजे रस्ता नव्हे. ती धरणभिंत आहे. चारचाकी गेली की पाळ चेपते, पावसात तेथेच घळ पडते. सायकलने आणि पायी जाणाऱ्याने इजा होत नाही, म्हणूनच मोटारींना अडवून सायकलींना सोडण्यात अर्थ आहे. इटियाडोहसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या कालव्यांलगतचे निरीक्षण रस्ते पाटबंधारे विभागाचे असतात. तेथे सर्वसामान्यांना आपोआप मुभा नसते आणि कालवा भरून वाहत असताना काठाने जाणे धोक्याचे असते.

रानाबद्दल अधिक गंभीरपणे बोलावे लागेल. स्कॉटलंडच्या जंगलात माणसावर हल्ला करणारे श्वापद उरलेले नाही. येथे नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प शेजारी आहे. ‘सीटी-१’ या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत तेरा जणांचा बळी घेतल्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला वडसा वनक्षेत्रात जेरबंद करण्यात आले. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वलाची गाठ पडू शकते. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय जाता येत नाहीच. पण त्याबाहेरचे झुडपी जंगलही सायकलस्वाराने कातरवेळी टाळावे. सायकल आवाज न करता येते, आणि जनावर व माणूस दोघांनाही शेवटच्या क्षणी कळते.

शेतकऱ्याला बारमाही रस्ता हवा, हे त्याचे मागणे पूर्णपणे रास्त आहे. रुग्णाला खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागत असेल तर खडीच्या सौंदर्याचे गोडवे गाणे हा क्रूरपणाच ठरेल. तरीही प्रत्येक पांदणीवर सिमेंट ओतणे हाच एक उपाय नाही. सिमेंट आले की दुचाकींचा वेग वाढतो, मुख्य रस्त्याची वाहतूक आडवाटेने वळते. आठवी-नववीच्या ज्या मुली सायकलने शाळेत जातात, त्यांची निर्धास्त वाट तीच असते. नाली काढलेली, उंच घेतलेली, दाबलेल्या मुरमाची पांदण बैलबंडी, ट्रॅक्टर आणि सायकल तिघांनाही पुरते. तिची डागडुजी गावातली माणसे रोजगार हमीवर करू शकतात. सिमेंटला तडा गेला की ठेकेदाराची वाट पाहावी लागते. निधी मोजमाप पुस्तिकेप्रमाणे खर्ची पडतो, पण त्यात नालीचे काम शेवटी येते आणि बहुधा राहून जाते. खटकते ते हेच.

आणखी एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. शहरात लाखाच्या घरात विकल्या जाणाऱ्या ग्रॅव्हल सायकलचा टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असतो. सानगडीच्या बाजारात भिंतीला टेकलेल्या काळ्या सायकलचा टायर दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा. पांदणीला कोणते चाक मानवते, हे येथील माणसाला आधीपासूनच ठाऊक होते.

नागपूर, गोंदियाकडून येणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. धान कापलेले असते, मुरूम घट्ट बसलेला असतो आणि तलावांवर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील सौंदड हे साकोलीला जवळचे स्थानक आहे. खळ्यावर मळणी सुरू असेल तर उतरून चालत जावे, बांधीत चाक घालू नये. वाट खाजगी वाटली तर आधी विचारावे. नाही म्हणणारा शेतकरी विरळाच. आणि सूर्य मावळण्यापूर्वी डांबरी रस्त्याला लागावे.