बॅटरी किती मोठी, फ्युएल सेल किती मोठा?

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या संयोगातून वीज तयार होते. उरतं ते पाणी आणि उष्णता. मग हायड्रोजनच्या गाडीत बॅटरी कशाला? ॲक्सिलरेटर दाबला की आधी काँप्रेसरला जादा हवा आत ढकलावी लागते. त्यात जाणारा वेळ बॅटरी सांभाळून घेते. ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही तिच्यातच साठते. फ्युएल सेलला ते जमत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. मागणी सतत वरखाली झाली की सेलचं व्होल्टेजही हलतं आणि त्यातले प्लॅटिनमचे सूक्ष्म कण हळूहळू विरघळू लागतात. म्हणून धक्के बॅटरीने सोसायचे आणि सेलने शक्यतो एका लयीत चालायचं, अशी कामाची वाटणी नियंत्रण प्रणाली क्षणोक्षणी करत असते.

वाटणी किती, हे गाडीवर ठरतं. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराईत ३३० सेलचा संच १२८ किलोवॅट देतो. बॅटरी जेमतेम सव्वा युनिटची. थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी बसला सरासरी ताकद कमी लागते, त्यामुळे सेल लहान आणि बॅटरी मोठी चालते. पण भरलेला ट्रक खंबाटकी घाट चढू लागला की बॅटरी अर्ध्यावरच रिकामी होऊ शकते. तिथे सेलची क्षमता चढाचाच हिशोब धरून ठरवावी लागते.