चिमुकल्या सैन्याची उभारणी
दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळे बहुधा रंगविलेलेच मिळतात. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या १९८७ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या विज्ञानकथात्मक युद्धखेळाचे सैनिक मात्र प्लॅस्टिकच्या सुट्या भागांत येतात. मातीच्या रंगीत मूर्तींसाठी एकोणिसाव्या शतकात नावाजलेल्या लखनौमध्ये, निशातगंजला कोणी असे सैन्य उभारू म्हणेल, तर त्याने आधी पाचच सैनिक पुरे करावेत. खरेदी घटकाभराची, रंगकाम महिनोन्‌महिन्यांचे; न उघडलेल्या पेट्यांत अडकलेल्या पैशाला व्याज नाही! भाग जोडल्यावर अस्तर द्यावे. मग ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून त्याचे दोन हात. दाट रंगाने चेहऱ्याचे बारकावे बुजतात. गडद, पातळ रंग खाचांत उतरला की सावली पडते. उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरविला की चिलखताच्या कडा उजळतात.