गणपूर्ती, बहुमत आणि तटस्थ सदस्य

सभेस हजर असणे आणि सभेत मत देणे या दोन भिन्न गोष्टी होत. गणपूर्तीसाठी हजेरी मोजली जाते, तर बहुमतासाठी बहुधा प्रत्यक्ष दिलेली मते. तटस्थ सदस्य पहिल्या मोजणीत धरला जातो, दुसरीत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक-दशांश आहे. राज्य विधिमंडळासाठी अनुच्छेद १८९ अन्वये दहा सदस्य किंवा एक-दशांश, यांपैकी जी संख्या अधिक ती धरली जाते. म्हणून २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेस २९ सदस्य लागतात. ७८ सदस्यांच्या विधानपरिषदेस मात्र ८ नव्हे, तर १०. ग्रामसभेस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरते तेव्हा तिला हे बंधन नसते. घरी राहून सभा मोडता येते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

तटस्थतेचे मोल किती, हे ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत दिसून आले. माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे संविधान दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले होते. अशा विधेयकास सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. एकूण २२४ मतांचे दोन-तृतीयांश १४९ पूर्णांक एक-तृतीयांश होतात. मताच्या एक-तृतीयांशाने विधेयक फेटाळले गेले! विरोधकांपैकी एकच सदस्य तटस्थ राहिला असता, तर एकूण मते २२३ झाली असती आणि १४९ मते पुरेशी ठरली असती. तनखे अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाले.

जेथे बहुमत एकूण सदस्यसंख्येवर मोजावयाचे असते, तेथे हा हिशेब पार उलटतो. राष्ट्रपतींवरील महाभियोगास सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. ग्रामपंचायतीतील अविश्वास ठरावाचे विशेष बहुमतही बैठकीत बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांवर ठरते. समजा, सदस्य ९ आहेत आणि प्रमाण दोन-तृतीयांश आहे. बैठकीस ७ जण आले, ५ जणांनी ठरावास पाठिंबा दिला, २ तटस्थ राहिले. विरोधात एकही मत नाही, तरीही ठराव नामंजूर होतो. कारण ६ मते हवी होती. येथे तटस्थ राहिलेले दोघे आणि बैठकीस न आलेले दोघे यांच्यात काहीच अंतर उरत नाही.